जेवणाच्या सुट्टीत गेलेले चार लेझर

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी कामाचं विचारत होते आणि तुम्ही पंधरा मिनिटं माझ्या खोकल्याची चौकशी केलीत. खोकला नव्हताच. शिवाय सर्किट काही फोनवर काढून दाखवता येत नाही.

नव्या नोकरीत माझ्या वाट्याला नेमकं तुमचंच काम आलंय. काचेच्या केबलमध्ये प्रकाशाचा एक आखूड ठोका सोडायचा. केबल जिथे तुटली असेल तिथून तो परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून तुटलेली जागा काढायची. ठोका जेवढा आखूड, तेवढी जागा नेमकी. आमच्या साहेबांना पाच नॅनोसेकंदांचा हवाय. सध्या एलईडीवर करून बघतेय. पेटतो झटकन, पण विझताना रेंगाळतो. मी करंट बंद केला तरी स्कोपच्या पडद्यावर प्रकाशाचं लांबलचक शेपूट. पाहुणे निघाले म्हणतात आणि दारात उभं राहून तासभर गप्पा मारतात, तसं चाललंय त्याचं. काय करू?

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच आहेत हे तुम्हाला माहीत आहे. मी घरी टेबलावर बोर्ड मांडला की ते दारात येऊन उभे राहतात, हात पाठीमागे बांधून. आत या म्हटलं तर म्हणतात, "नाजूक काम आहे, मी लांबच बरा." पण बघतात मात्र पापणी न हलवता. परवा मी एक तार लांब ठेवली, तर तिथूनच म्हणाले, "आखूड कर, ठोका डचमळेल." बरोबर होतं ते.

मामा, बाबा चार वर्षं तुमच्याबरोबर हेच काम करत होते ना? मला आईकडून एवढंच ठाऊक आहे की त्यांच्या वेंधळेपणामुळे चार लेझर गेले आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नक्की काय झालं होतं? त्यांना विचारायचा धीर होत नाही.

तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मला तीर्थरूप लिहू नकोस, हे तीर्थ केव्हाच आटलंय. मामा पुरे.

तुझं पत्र आलं आणि मी जेवायचं सोडून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुझी मामी म्हणाली, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं. खरंच मिळालं.

एलईडीच्या पोटात चार्ज साठलेला असतो. तू करंट बंद केलास तरी तो साठा संपेपर्यंत तो उजेड देतच राहणार. तेव्हा नुसता बंद करू नकोस, तो साठा ओढून काढ. विझवताना क्षणभर उलटा व्होल्टेज दे. जपून, त्याला सोसेल एवढाच. आणि पेटवताना सुरुवातीला एक धक्का मिळावा म्हणून रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर लाव. चित्र मागच्या पानावर काढलंय. तरीही खरं सांगू का, पाच नॅनोसेकंद म्हणजे एलईडीच्या जिवाला घोर आहे. शेवटी तुला लेझरकडेच जावं लागेल.

लेझरची तऱ्हा वेगळी. एका ठरावीक करंटच्या खाली तो एलईडीसारखा नुसता मिणमिणतो, ती पायरी ओलांडली की खरा लेझर होतो. त्याला पूर्ण झोपवलंस तर उठून यायला वेळ लावणार. म्हणून त्याला त्या पायरीच्या जरासा खाली जागता ठेव. दाराच्या आत उभा असलेला माणूस कडी वाजली की लगेच दार उघडतो. आणि लेझर भलता हळवा असतो. वाजवीपेक्षा जास्त करंट डोळ्याचं पातं लवतं त्याच्या हजाराव्या भागात गेला तरी तो कामातून जातो.

भाऊजींचं विचारलंस. जुनी गोष्ट आहे. त्या काळी अशा गोष्टी व्हायच्या. त्यांच्यासारखं सोल्डर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलं नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा

२ मार्च

मामा,

शेपूट गेलं. उलट्या व्होल्टेजची युक्ती लागू पडली. पण तुम्ही म्हणालात तसंच झालं, एलईडी बारा नॅनोसेकंदांच्या खाली यायला तयार नाही. मग लेझरकडे गेले. दाराच्या आत उभा करून ठेवला आणि पहिल्याच दिवशी चार नॅनोसेकंदांचा ठोका मिळाला. प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर तो आकडा बघून मी खुर्चीतून उठून एकटीच खोलीभर फिरले.

आता रडगाणं. दहा दिवसांत तीन लेझर गेले. अंगातली स्थिर वीज लागू नये म्हणून मनगटी पट्टा बांधते. सप्लाय हळूहळू चढवते. तारा आखूड आहेत. सप्लाय कुठेच जमिनीला जोडलेला नाही, ठोक्यांचा हुकूम कॉम्प्युटरवरून केबलनं येतो. सगळं छान चालतं. मग लेझरवरचा व्होल्टेज कसा चढतो ते बघावं म्हणून मी स्कोपचा प्रोब त्याच्या दोन पायांवर लावते, टोक वरच्या पायाला, काळी क्लिप खालच्या पायाला, आणि तो मरतो. जळत नाही, वास नाही, आवाज नाही. पेटतोसुद्धा, पण नुसता मंद लाल. मेलेला लेझर म्हणजे एक महागडा एलईडी, असं आमचे साहेब म्हणतात. हसत म्हणतात, पण हसत नाहीत.

माझ्या हातून काय चुकतंय? तुम्ही पूर्वी असं काही पाहिलंय का?

भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. डोळे दुखत होते.

तू लिहितेस त्यावरून हवा कोरडी असावी. पट्ट्याची तार आतून तुटलेली असते, वरून कळत नाही, ती तपासून घे. टेबलावर रबरी चटई घाल. लेझरचा माल एखादे वेळी खराब निघतो, दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवून बघ.

मी काही आता या कामात राहिलो नाही. इथं बसून उंटावरून शेळ्या हाकणार. तुमच्या ऑफिसात कुणी जाणतं माणूस असेल तर त्याला विचारावं हे उत्तम.

भाऊजींची तब्येत कशी आहे? त्यांना माझी पत्रं वाचून दाखवतेस का?

मामा

१७ एप्रिल

मामा,

पट्टा नवा आणला. चटई घातली. माल बदलला. खोलीत पाण्याची भांडी ठेवली. आणखी दोन गेले. आता माझ्याकडे एक उरलाय. साहेबांनी सांगितलंय की महिनाअखेरीला यंत्र चालताना दिसलं नाही तर हे काम माझ्या हातून काढून शेजारच्या टेबलावर देतील. मला नोंदी ठेवायला बसवणार. ओरडले नाहीत. मला तर वाटतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुमची पत्रं मी वाचून दाखवत नाही, बाबा स्वतःच वाचतात. माझी मात्र तुम्हाला टाकायच्या आधी कुणी वाचत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

परवा घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पट्टा बांधला होतास का?" मी म्हटलं, बांधला होता. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. जेवताना पुन्हा. मी चिडले, तर ताटातली बोटं थांबवून म्हणाले, "मलाही वाटायचं बांधला होता म्हणून." मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. सकाळी चारही लेझर नीट पेटले होते, ते जेवायला गेले, परत आले तेव्हा चारही मेलेले. विनाकारण काही मरत नाही, तेव्हा सकाळी आपल्याच अंगातली वीज त्यांना लागली असणार आणि नंतर ते हळूहळू गेले असणार. पट्टा बांधल्याचं त्यांना आठवत होतं, पण खात्री नव्हती. एकतीस वर्षं ते ती एक सकाळ आठवत बसलेत, मामा. स्टोअरमध्ये खोकी मोजता मोजता.

आणि मग म्हणाले, "खाण तशी माती. माझे हात तुझ्याकडे आलेत, बाळ. हे काम सोड."

मी सोडू का? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

भिंगरी

२० एप्रिल

चि. भिंगरी,

काम सोडू नकोस. आधी तुझं काम सांगतो, मग माझं.

प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आतून थेट जमिनीला जोडलेली असते. तुझा सप्लाय जमिनीला टेकलेला नाही असं तू धरून चालली आहेस. तो एकटा असताना तसा आहेच. पण कॉम्प्युटरची केबल लावलीस की तिच्या जाळीतून त्याची उणे बाजू जमिनीला मिळते. मग तू क्लिप लेझरच्या खालच्या पायाला लावतेस आणि करंट ट्रान्झिस्टर, रेझिस्टर सगळं टाळून सरळ क्लिपमधून पळतो. त्याला आवरणारं कुणी उरत नाही. तुझ्या हातांचा काही संबंध नाही. क्लिप सप्लायच्या उणे बाजूला लाव, टोक खालच्या रेझिस्टरच्या वरच्या बाजूला टेकव आणि तिथं करंट बघ. लेझरच्या पायांना क्लिप कधीच लावायची नाही.

हे मला तुझं दोन मार्चचं पत्र वाचतानाच कळलं होतं. ती ओळ आली आणि मी पत्र खाली ठेवलं. डोळे दुखत नव्हते. हे लिहिलं तर ते भाऊजी वाचतील, आणि त्यांना चित्रसुद्धा काढून द्यावं लागणार नाही, ही भीती होती. झाकली मूठ मी एकतीस वर्षं झाकून ठेवली होती. त्यासाठी तुझे आणखी दोन लेझर जाऊ दिले.

मी तेव्हा नुकताच विभागाचा प्रमुख झालो होतो. भाऊजींना मीच शिफारस करून आणलेलं. घरात ते मोठे, कामावर मी साहेब, आणि दोघांनाही त्याचा संकोच. चार लेझर आठ महिने वाट पाहून आले होते. दुसऱ्या दिवशी बघायला मोठी माणसं येणार होती. भाऊजींनी सकाळी चारही बसवले, पेटवून दाखवले आणि जेवायला गेले. मला चैन पडेना. ठोका किती वेगानं चढतो ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी प्रोब उचलला. पहिल्याला क्लिप लावली, तो मंद झाला. मला वाटलं, करंट कमी ठेवलाय. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. चौथ्याला लावताना मला समजलं होतं, भिंगरे. तरी लावली. हा एक टिकला तर दोष माझा नाही, असं काहीतरी डोक्यात होतं.

भाऊजी हात पुसत आले. त्यांनी सगळं चालू केलं. बोर्डावर चार मंद लाल ठिपके. मग स्वतःच्या मनगटाकडे बघत मला म्हणाले, "सकाळी मी पट्टा बांधला होता का हो?"

बांधला होता. मी पाहिला होता. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

एवढंच. नंतर मला काही करावं लागलं नाही. चौकशीत त्यांनी स्वतःच लिहून दिलं की पट्टा बांधायचा राहिला असावा. मी खाली सही केली. ताईलाही सांगितलं नाही. ती त्यांना वेंधळे म्हणायची, हातातून कपबशी काढून घ्यायची, आणि मी समोर बसून चहा प्यायचो. तिच्या शेवटच्या आजारात सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा नर्स आली म्हणून बाहेर गेलो. नर्स गेल्यावर आत आलो नाही.

मी फार वाईट वागलो. याहून मोठा शब्द मला सापडत नाही. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मामा

२ मे

मामा,

यंत्र चाललं. उरलेला एकच लेझर शेवटपर्यंत टिकला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि काम माझ्याकडेच राहिलं. यासाठी तुमचे आभार मानायला हवेत. मानवत नाहीत.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तीनदा. घरी नेलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलंय. पोस्टमननं ते ऑफिसच्या पत्त्यावर आणलं, कारण या वेळी तुम्ही तो पत्ता घातलात. म्हणजे लिहितानासुद्धा ते बाबांच्या हाती पडू नये याची काळजी घेतलीत. आणि खाली म्हणता, तू ठरव. मी नाही ठरवणार. तुम्ही जे एकतीस वर्षं उचललं नाहीत ते माझ्या डोक्यावर का ठेवता? त्यांना स्वतः लिहा. घरच्या पत्त्यावर, त्यांच्या नावानं. महिन्याभरात पत्र आलं नाही तर मी खणातलं पत्र त्यांना देईन, पण मग मी तुम्हाला पुन्हा लिहिणार नाही.

लहानपणी मला कुणी विचारलं की तुला सगळ्यात जास्त कोण आवडतं, तर मी मामा म्हणायचे. बाबा तिथंच बसलेले असायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही, ते हसायचे. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

भिंगरी

९ जून

मेहुणे,

तुमचं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि मायना लिहिण्यातच अडतो. कामावर तुम्हाला साहेब म्हणायचो. ते लिहवेना. म्हणून मेहुणे.

सर्किट मी आधी तपासलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. असंच झालं असणार. मला हे एकतीस वर्षांत सुचलं नाही, कारण खोलीत दुसरं कुणी होतं असं मी कधी धरलंच नाही. खोलीत तुम्ही होतात हे ठाऊक होतं. पण तुम्ही असणं म्हणजे दुसरं कुणी असणं, असं मनात आलं नाही.

वाचून झाल्यावर पहिला तासभर फार हलकं वाटलं, हे कबूल करतो. मी पट्टा बांधला होता. एवढी एक गोष्ट मला हवी होती, ती मिळाली. पोरगी म्हणते, आता आत या, बोर्डाला हात लावा. लावून बघितला. हात थरथरतात. तो वयाचा दोष आहे, त्यात तुमचं काही नाही. पस्तीस-चाळीसच्या वयात जे करायचं असतं ते अडुसष्टाव्या वर्षी होत नाही, इतकंच.

तुमच्या ताईचं वाईट वाटतं. ती मायेनंच बोलायची, पण आपला माणूस वेंधळा आहे ही तिची खात्री होती, आणि ती खात्री घेऊनच ती गेली. एकदा तरी तिनं माझ्या हातात काचेचं भांडं द्यायला हवं होतं. आता ते तुम्ही सांगून होणार नाही आणि मी सांगूनही नाही.

लेझरचं म्हणाल तर ते मी तुम्हाला त्याच दुपारी माफ केले असते. तुम्ही म्हणाला असतात, भाऊजी, माझ्या हातून गेले, तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, पुन्हा मागवू. वर तुमचा दोष माझ्या अंगावर घ्यायलाही तयार झालो असतो, बहुधा. तुम्ही विचारलं नाहीत.

पण रोज लिहायला बसून जे लिहवत नाही ते दुसरंच आहे. माझा पाय मोडला तेव्हा तुम्ही अकरा दिवस माझ्या उशाशी होतात. रात्रपाळीच्या नर्सला वाटायचं तुम्ही माझे सख्खे भाऊ. मी तिला तसंच सांगितलं होतं. पोरीला पहिलं पुस्तक तुम्ही आणलंत, तिला शाळेत तुम्ही घातलंत, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिला औषध तुम्ही पाजलंत. मला भाऊ नव्हता. स्टोअरमध्ये कुणी माझी कीव केली तर मी म्हणायचो, हातचं काम गेलं ते गेलं, पण मेहुणा असावा तर असा. दुसऱ्या कुणाला हे सुख नाही. त्या खोक्यांच्या खोलीत मी त्यावरच निभावलं.

आता त्यातला एकेक दिवस हातात घेतो आणि विचारतो, हे माझ्यासाठी होतं, की त्या दुपारसाठी? तुमच्या पत्रानं मला माझे हात परत दिले आणि भाऊ नेला. सौदा बरा की वाईट ते कळत नाही. खरं सांगायचं तर तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं, असं दिवसातून दोनदा वाटतं, आणि लिहिलंत ते बरं केलंत, असंही दोनदा.

माफी मागू नका. तिचं मी काय करू? एकच कळवा, त्या सगळ्यात थोडी तरी माया होती का. मात्र लगेच लिहू नका. लगेच आलेलं उत्तर मी खरं मानणार नाही.

भाऊजी